येताना ट्रेननंच!

'फॉरेन ट्रिप' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? बँकॉक, दुबईचं शॉपिंग, सिंगापूरची नाईट सफारी, नाहीतर ईएमआयवर केलेलं 'दहा दिवसांत आठ देश' टाईप युरोप. सकाळी सहाला वेक-अप कॉल, दिवसभर बस, फोटोपुरतं उतरायचं, पुन्हा बस. बरं, हे सगळं कशासाठी? तर ऑफिसच्या स्ट्रेसवर उतारा म्हणून! आता मला सांगा, वर्षभर खुर्चीत बसून ज्याची पाठ कामातून गेलीय, त्यानं सुट्टीतही सीटवरच बसायचं, हा कसला उतारा?

म्हणून या वेळी जरा वेगळा फंडा. परदेशात जायचं, पण चालायला. हॉटेलऐवजी तंबू नाहीतर पहाडातलं साधं लॉज. आणि येताना विमान नाही, ट्रेन! असा देश आपल्याला एकच. नेपाळ. व्हिसा नाही, घड्याळ फक्त पंधरा मिनिटं पुढे आणि आपल्या शंभर रुपयांचे तिकडचे सरळ एकशेसाठ.

'चालायचं आणि तंबूत राहायचं' हे काही आपल्याला नवीन नाही. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. आळंदीहून निघालेली माऊलींची पालखी अडीचशेच्या आसपास किलोमीटर चालत आपल्याकडे येते. पुढे ट्रक जातो, मुक्कामाला राहुट्या लागतात, सकाळी सगळं आवरून पुन्हा चाल. 'ट्रेकिंग हॉलिडे' या भारी नावाखाली जगभर जे विकलं जातं त्याची सिस्टीम हीच आहे. नेपाळात हा धंदा सुरू केला जिमी रॉबर्ट्स या ब्रिटिश फौजी अधिकाऱ्यानं. १९६४मध्ये त्यानं 'माउंटन ट्रॅव्हल' ही कंपनी काढली. तंबू, स्वयंपाकी, सामान वाहायला माणसं आणि पाहुण्यांनी फक्त चालायचं. या रॉबर्ट्ससाहेबांची आणखी एक गोष्ट आहे, ती पुढे सांगतो.

आम्ही चौघं निघालो ते ऐन दिवाळीत. कारण उघड आहे. ऑफिसची दिवाळीची सुट्टी, मागचा-पुढचा वीकएंड आणि थोडी प्रिव्हिलेज लीव्ह. अकरा दिवस असे एरवी मिळतात का कुणाला? घरी अर्थातच महाभारत झालं. 'दिवाळीत घर सोडून कुणी जातं का?' इथपासून 'भाऊबीजेला बहिणीनं कुणाला ओवाळायचं?' इथपर्यंत. आमच्यातला एक बँकेत आहे. त्याच्या आईनं शेवटी परवानगी दिली, पण सॅकमध्ये शेंगाचटणी, कडक भाकऱ्यांची चवड आणि एक सोलापुरी चादर कोंबूनच. आम्ही त्याला खूप समजावलं की बाबा रे, चादरीला २००५मध्ये जीआय टॅग मिळालाय हे खरं, पण ती सुती आहे, वजनाला जड आहे आणि ओली झाली तर वाळणार नाही. त्याचं उत्तर ठरलेलं, 'आईला तू सांग की बे!' कोण सांगणार? चादर निघाली.

जाताना वेळ वाचवायला पुण्याहून दिल्लीमार्गे विमानानं काठमांडू. दुसऱ्या दिवशी बसनं पोखरा. तो दिवस आपल्या नरक चतुर्दशीचा. नेपाळात दिवाळीला 'तिहार' म्हणतात आणि हा दिवस असतो कुत्र्यांचा! कुकुर तिहार. रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ आणि कपाळावर टिळा. काही कुत्री तर दोन-दोन माळा घालून पुढाऱ्यासारखी फिरत होती.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पोखऱ्याहून जीपनं कांडेला गेलो आणि चालायला लागलो. दीड-दोन तासांत ऑस्ट्रेलियन कॅम्प. उंची सुमारे २,०६० मीटर. म्हणजे पहिल्याच संध्याकाळी आम्ही कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) वर! सोलापूर जेमतेम साडेचारशे मीटरवर आहे हे लक्षात घ्या. इथे गवताळ मैदानात तंबू ठोकलेले असतात, भाड्यानं मिळतात. समोर अन्नपूर्णा साऊथ, हिउंचुली आणि माछापुच्छ्रे. खाली दरीत गावागावांतून दिवे, आणि पोरापोरींची टोळकी 'देउसी-भैलो' म्हणत घरोघर गात फिरणारी. आम्ही भाकरी कुस्करली, त्यावर चटणी टाकली आणि फराळ साजरा केला. कडक भाकरीसारखं ट्रेक-फूड जगात नसेल. ना मायक्रोवेव्ह, ना एक्स्पायरीचं टेन्शन.

पुढचा रस्ता मार्दी हिमालचा. पाडव्याला फॉरेस्ट कॅम्प, भाऊबीजेला लो कॅम्प, त्यापुढे हाय कॅम्प. लालीगुराँसच्या, म्हणजे बुरांशाच्या जंगलातून चढ, मग झाडं संपतात आणि उघड्या धारेवरून चालायचं. जेवायला सकाळ-संध्याकाळ दालभात. त्यावर एक स्लोगन तिथं टी-शर्टवर छापलेलं असतं, 'दालभात पॉवर, ट्वेंटीफोर अवर'. शंभर टक्के खरं आहे. वर पुन्हा पुन्हा वाढतात, तेही त्याच पैशांत.

भाऊबीजेच्या दिवशी लो कॅम्पला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. लॉज चालवणाऱ्या दिदीनं विचारलं, 'आज भाइटीका, तुमच्या बहिणी कुठं आहेत?' आम्ही म्हटलं, सोलापूरला. तिनं चौघांना ओळीनं बसवलं. कपाळावर सात रंगांचा टिळा, गळ्यात झेंडूची माळ, हातात अक्रोड आणि सेलरोटी. आता ओवाळणी काय घालायची? पैसे तिनं घेतले नाहीत. बँकवाल्यानं गुपचूप सॅक उघडली आणि चादर काढून तिच्या हातात दिली. तीन दिवस ज्या चादरीवर आम्ही जोक मारत होतो, त्या चादरीनं आमची लाज राखली.

दुसऱ्या दिवशी हाय कॅम्प. सुमारे ३,५८० मीटर. आदल्या मुक्कामापेक्षा जवळपास सहाशे मीटर वर. पुढचा दिवस मुख्य होता. पहाटे चारला निघून सुमारे ४,५०० मीटरवरच्या बेस कॅम्पला जायचं. या एका सकाळीसाठी चौघांनी तीन महिने पार्क स्टेडियमभोवती चकरा मारल्या होत्या. बँकवाल्यानं तर अख्ख्या ब्रँचला सांगितलं होतं. त्याच्यासाठी ते साधं नव्हतं. त्या वर्षी त्याचं प्रमोशन हुकलं होतं, लग्न मोडलं होतं. 'या वर्षी एक तरी गोष्ट पूर्ण करणार,' हे वाक्य आम्ही त्याच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं.

रात्री त्याचं डोकं दुखायला लागलं. आधी बोलला नाही. एकदा उलटी झाली, मग दुसऱ्यांदा. साडेतीनला आमचे गाईड दाइ उठले, त्याला टॉर्चच्या उजेडात सरळ रेषेत चालून दाखवायला लावलं. चालला, पण भेलकांडत नव्हता इतकंच. दाइंनी हिशेब दोन वाक्यांत संपवला. 'हा वर जाणार नाही. आणि गाईड एकच आहे.'

उंचीचा त्रास हा फिटनेसचा प्रश्न नाही, हे इथं समजून घ्या. रोज जिम मारणाऱ्याला होतो आणि शेजारच्या पोटसुट्याला होत नाही. हवेचा दाब कमी, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी. शरीराला जुळवून घ्यायला दिवस लागतात आणि प्रत्येकाचा वेग वेगळा. म्हणून नियम सांगतात की ३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नका. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर वर जायचं नाही, वाढत असेल तर खाली उतरायचं. रात्र असो, पाऊस असो. यावर सगळ्यात खात्रीचं औषध म्हणजे उतार.

तो म्हणत होता, 'तुम्ही जाऊन या, मी इथं पडतो.' एक मिनिट कुणी बोललं नाही. खरं सांगतो, त्या एका मिनिटात चौघांच्याही मनात सगळं येऊन गेलं. पैसे, सुट्टी, ट्रेनिंग, स्टेटसला टाकायचा फोटो. मग आमच्यातला सगळ्यात कमी बोलणारा, मेडिकल दुकानवाला, बूट घालायला लागला. खाली उतरण्यासाठी. उजाडताना आम्ही धारेवरून खाली येत होतो आणि मागे माछापुच्छ्रे सोनेरी होत होता. कुणी मागे वळून पाहिलं नाही म्हणाल तर खोटं ठरेल. सगळ्यांनी पाहिलं.

लो कॅम्पला पोचेपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता. दिदीनं काही विचारलं नाही. लसणाचं सूप दिलं, बाकावर झोपवलं आणि अंगावर पांघरूण घातलं. कुठलं? आपली सोलापुरी! दोन तासांनी उठून त्यानं दालभात दोनदा वाढून घेतला. औषधाची गोळी नाही, सलाईन नाही. फक्त सहाशे मीटर उतार.

आता रॉबर्ट्ससाहेबांची राहिलेली गोष्ट. १९५७मध्ये त्यांनी याच माछापुच्छ्रेवर मोहीम नेली होती. ६,९९३ मीटरचं शिखर. त्यांच्यातले दोघं, विल्फ्रिड नॉईस आणि डेव्हिड कॉक्स, माथ्यापासून अंदाजे पन्नास मीटरवर पोचले आणि तिथूनच परत फिरले. हा डोंगर पवित्र मानतात, माथ्यावर पाय ठेवणार नाही असा शब्द दिलेला होता. त्यानंतर या शिखरावर चढाईला परवानगीच नाही. दाइंनी ही गोष्ट सिदिंगच्या उतारावर सांगितली. बँकवाला नुसतं 'हं' म्हणाला.

सिदिंगहून जीपनं पोखरा. दुसऱ्या दिवशी पाल्पाच्या घाटांतून बस, सुनौलीची कमान, घड्याळ पंधरा मिनिटं मागे आणि मग गोरखपूर. नेमका छठचा दिवस. डोक्यावर टोपल्या घेऊन माणसं राप्तीच्या घाटाकडे निघालेली. गोरखपूर स्टेशनचा फलाट १,३६६ मीटर लांब आहे. २०२३मध्ये हुबळीचा १,५०७ मीटरचा फलाट झाला, तोवर हा जगात पहिला होता. सॅक पाठीवर घेऊन आमचा डबा शोधताना ट्रेक संपलेला नाही याची खात्री पटली.

कुशीनगर एक्सप्रेस. दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस. विमानानं आलो असतो तर सकाळी हिमालय आणि रात्री घरी, दुसऱ्या दिवशी पंचिंग मशीन. पण ट्रेनमध्ये करायला काही नसतं, आणि म्हणूनच सगळं होतं. पहिली रात्र लखनौ-कानपूर झोपेत गेली. झाशी मागे पडल्यावर बँकवाला अप्पर बर्थवरून खाली आला आणि म्हणाला, 'तुम्ही तिघं वर गेला असतात ना, तरी मला राग आला नसता.'

मेडिकलवाला खिडकीबाहेर बघत म्हणाला, 'आला असता बे.'

मग भोपाळपर्यंत तो बोलत राहिला. हुकलेल्या प्रमोशनबद्दल, मोडलेल्या लग्नाबद्दल. रोज संध्याकाळी एकत्र चहा पिणारे आम्ही, पण वर्षभरात यातलं निम्मंही आम्हाला कळलं नव्हतं. इटारसीला भजी खाल्ली, भुसावळला केळी. पहाटे कल्याणला उतरलो आणि सकाळची उद्यान एक्सप्रेस पकडली. खंडाळ्याचा घाट, दौंड, भिगवण, कुर्डुवाडी. बाहेर गुडघाभर ज्वारी. हवा कोरडी होत गेली आणि डब्यात 'काय बे, कुठं उतरायलास?' ऐकू यायला लागलं. घर असं हळूहळू जवळ यायला हवं. एकदम नाही.

ब्रँचमध्ये सोमवारी त्याला विचारलं गेलंच, 'काय मग, पोचलास का वर?' तो म्हणाला, 'नाही. खाली पोचलो.' कुणाला कळलं नाही. तो मात्र जाम खूष होता.

जायचं असेल तर...

कधी? ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश स्वच्छ. मार्च-एप्रिलमध्ये लालीगुराँस फुलतात. पावसाळ्यात जळवा.

कागद : पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. आधार कार्डावर विसंबून निघू नका. अन्नपूर्णा परिसराचा परवाना सार्क देशांच्या नागरिकांना १,००० नेपाळी रुपये, म्हणजे आपले ६२५. परदेशी ट्रेकरनं परवानाधारक गाईड घ्यावा, असा नियम १ एप्रिल २०२३पासून आहे. नियम नसता तरी घ्याच. ग्रुप मोठा असेल तर दोन घ्या.

पैसे : शंभराच्या नोटा जवळ ठेवा. लॉजवर कार्ड चालेल या भरवशावर राहू नका.

शरीर : एक दिवस जादा धरूनच प्लॅन करा, म्हणजे घाईनं चढावं लागणार नाही. उंचीवरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच.

कपडे : सुती कमी, लोकरी आणि लवकर वाळणारे जास्त. चादर नेलीत तर ओवाळणीसाठी.

ट्रेन : १ नोव्हेंबर २०२४पासून रिझर्व्हेशन १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं. छठनंतर गोरखपूरहून येणाऱ्या गाड्यांना तुफान गर्दी असते. त्यामुळे परतीची तारीख आधी ठरवा, त्यातून साठ दिवस वजा करा आणि त्या सकाळी लॉगिन करून बसा. बॉसला नंतर सांगितलं तरी चालेल.