खरखरीची बाजू

घरात हाय-फाय आले की माणसाचे गाणे ऐकणे बंद होते आणि रेकॉर्डिंग ऐकणे सुरू होते, असे माझे ठाम मत आहे. आमच्या खारीतच, आमच्या मजल्यावर, असे एक गृहस्थ राहतात. दहा बाय बाराची खोली, तीत कमरेएवढे दोन स्पीकर आणि त्यांच्यासमोर बरोबर मधोमध एक खुर्ची. (वहिनींनी ऐकायचे तर उभ्याने. स्टिरिओ फक्त खुर्चीतल्याला मिळतो.) या खुर्चीत बसून साहेबांनी आजवर बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, केसरबाई अशा सगळ्यांना नापास केले आहे. ‘‘गळा चांगला आहे हो, पण रेकॉर्डिंग!’’ मग साहेब ऐकतात तरी काय? काचेचा पेला फुटल्याचा आवाज. कुठल्याशा परदेशी टेस्ट-रेकॉर्डवर तो फुटतो आणि काचा डावीकडून उजवीकडे सांडतात. पाहुणे पाय वर घेतात. झाली मैफल!

आता जरा हिशेब बघू. बी.कॉम. झालेल्याला दुसरे काय येते? तरुण कान २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. १९०२ साली फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यात गोहरजानचे गाणे भरून घेतले तेव्हा मायक्रोफोन नव्हता. भोंग्यात गायचे. भोंग्याच्या टोकाला पडदा, पडद्याला सुई आणि सुई मेणावर रेघ ओढणार. या वाटेने फार तर अडीचेक हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज जायचा. १९२५ च्या सुमारास विजेवरचे रेकॉर्डिंग आले आणि मजल साधारण दुप्पट झाली. म्हणजे त्याच्यावर तबकडीत गाणे जवळजवळ नाहीच, आहे ती लाखेची खरखर. आणि साहेब ट्रेबल चढवून नेमकी तीच ऐकतात! खात्यात शिल्लक नाही तेवढ्या रकमेचा चेक फाडायचा आणि परत आला की बँकेच्या नावाने ओरडायचे, अशातला हा प्रकार.

पुन्हा सुई. ७८ ची खाच रुंद, तिला एलपीच्या जवळजवळ तिप्पट जाड टोकाची सुई लागते. एलपीचीच सुई घातली तर ती तळाशी बसून शंभर वर्षांची धूळ वाचत सुटते. वेगाचेही तेच. त्या काळच्या सगळ्याच तबकड्या काही ७८ फेऱ्यांवर भरलेल्या नव्हत्या. ७४ वर भरलेली ७८ ने फिरवली की काळी दोनचा गवई पांढरी तीनला जाऊन बसतो. मग ‘काय हा चिरका आवाज!’ म्हणायला आपण मोकळे.

खरखर पुसून काढलेल्या आवृत्त्याही मिळतात. पुसणाऱ्याचा हात जड असला की खरखरीबरोबर तानपुऱ्याची जवारी जाते, शब्दांतले ‘स’ आणि ‘श’ जातात आणि गवई रजई पांघरून गातो आहे असे वाटू लागते.

बँकेत थकबाकीदार दोन तऱ्हांचे असतात. एकाचे पीक बुडालेले असते, दुसरा ऐपत असून भरत नाही. भोंग्यात गाणारा पहिल्या जातीचा, त्याला सवलत द्यावी. दुसऱ्या जातीचे आजचे. १९८२ साली सीडी आली, तिच्यात हळू आणि मोठा यांच्यामध्ये ९६ डेसिबलची जागा होती. एवढा मोठा वाडा मिळाल्यावर आमच्या गाणीवाल्यांनी काय करावे? सगळे सामान माळ्यावर चढवले. कुजबूजही तेवढीच मोठी आणि ढोलही तेवढाच. या विलफुल डिफॉल्टरांबद्दल साहेब अवाक्षर काढत नाहीत. उलट, ‘‘पंच बघा, पंच!’’ पंच बघायचाच तर आमच्या गल्लीत कुणाची तरी हळद असेल त्या रात्री यावे. खिडकीच्या काचा आपण होऊन वाजतात. फुकट.

ज्या केसरबाईंना साहेबांनी नापास केले त्यांचे ‘जात कहाँ हो’ १९७७ साली अमेरिकेच्या नासाने व्हॉयेजर यानांतून अंतराळात धाडले. साडेतीन मिनिटे, मूळची जुनी ध्वनिमुद्रिका. सोबत सुई आणि कार्ट्रिज पाठवले. फेऱ्या किती द्यायच्या तेही झाकणावर चित्रे काढून कोरले. पहिले यान २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले. खरखरीबद्दल अजून कुणाची तक्रार आलेली नाही.