गीझर दुरुस्त करावा की नवा घ्यावा?



थंडी पडली की गीझर बिघडतो आणि गीझर बिघडला की घरात दोन पक्ष पडतात. मुलं फोनवरून सांगतात, "आई, नवाच घेऊन टाक." आमचे हे म्हणतात, "चालेल अजून, बघू." यंदा आमच्याकडे हे झालं, आठ दिवसांनी जाऊबाईंकडेही झालं. त्यांच्याकडे मेकॅनिकनं झाकण उघडायच्या आधीच "जुना झालाय, बदला" म्हणून सांगितलं आणि संध्याकाळी नवा बसलाही. माझा आक्षेप नव्या गीझरला नाही. निर्णय घरातल्या बाईनं घ्यायचा सोडून मेकॅनिकनं घेतला, याला आहे.

माझं मत सरळ आहे. टाकी गळत असेल तर नवा घ्यावा. टाकी शाबूत असेल तर दुरुस्त करावा.

वालचंदनगरात तरी हे कुणाला पटवून द्यावं लागू नये. सोलापूरच्या आपल्याच समाजातल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना उभा केला आणि पुढे इथल्याच वर्कशॉपात इतर साखर कारखान्यांचे बॉयलर बनू लागले. ज्यांच्या घरचं माणूस कारखान्यात होतं त्यांना माहीत आहे, गळीत हंगाम संपला की बॉयलर उघडतात, नळ्या साफ करतात, खराब झालेली नळी तेवढी बदलतात. सरकारी निरीक्षक तपासून दाखला देतो तेव्हा कुठे पुढच्या हंगामाला आग पेटते. एक नळी फुटली म्हणून आख्खा बॉयलर कुणी भंगारात काढत नाही. आणि त्याला क्षाराचं पाणी कधी पाजत नाहीत, आधी मऊ करून घेतात. आपण मात्र गीझरला थेट बोअरचं जड पाणी देतो आणि पाच-सहा वर्षं एकदाही उघडून बघत नाही.

त्या पाण्यातला क्षार कॉइलवर चुन्यासारखा चढतो. मग कॉइलची उष्णता पाण्यात नीट जात नाही, ती आतल्या आत तापते आणि एक दिवस जळते. पाणी तापत नाही, तेव्हा बहुतेक वेळा कॉइल तरी गेलेली असते, नाही तर थर्मोस्टॅट. दोन्ही सुटे मिळतात. टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, तो स्वतः झिजतो आणि टाकीला गंजू देत नाही. जड पाण्याच्या गावात तो दर एक-दोन वर्षांनी बघावा. तो संपला की गंज टाकीकडे वळतो, आणि गंजून गळू लागलेल्या टाकीला घरच्या घरी इलाज नाही. फक्त एक खात्री करा, थेंब कुठून पडतोय? गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडं ठिबकतं, त्यालाच कितीतरी जणी टाकी फुटली समजतात.

आता हिशोब. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली तरी घसारा काही डोक्यातून जात नाही! आमच्याकडे कॉइल, थर्मोस्टॅट आणि मजुरी मिळून दीड हजार झाले. दोन वर्षं चालला तर वर्षाला साडेसातशे. नवा साडेसात हजारांचा, आठ वर्षं धरली तर वर्षाला साधारण साडेनऊशे. म्हणजे दुरुस्ती परवडली. पण तोच गीझर सहा महिन्यांत पुन्हा दीड हजार मागू लागला तर वर्षाचे तीन हजार होतात, तिथे थांबायचं. "आधीच एवढे घातलेत त्यात" हे कारण धरायचं नाही. गेलेला पैसा गेला, पुढे काय लागणार तेवढंच बघायचं.

"जुना गीझर दुप्पट वीज खातो" हे दुकानदाराचं आवडतं वाक्य. 25 लिटर पाणी पंचविसावरून साठ अंशांवर न्यायला साधारण एक युनिट लागतं, गीझर नवा असो की जुना. फरक पडतो तो तापलेलं पाणी गरम ठेवण्यात. गीझरवरचे तारे त्याच नासाडीवरून दिलेले असतात. आंघोळीच्या आधी लावून आंघोळ होताच बंद केला, तर तारे कमी असले तरी फारसं बिघडत नाही. दिवसभर बटण चालू ठेवणाऱ्या घरानं मात्र तारे जरूर मोजावेत.

काटकसर कुठे करायची नाही, तेही सांगते. आमच्याकडे आलेला एक जण म्हणाला, "थर्मोस्टॅट कशाला बदलता, डायरेक्ट जोडून देतो, शंभर रुपयांत काम." मी त्याला चहा दिला आणि परत पाठवला. पाणी ठरावीक अंशाला थांबवणारा तोच एक पुर्जा. तो काढला, पाणी उकळत राहिलं आणि त्यात व्हॉल्व्हही क्षारानं चिकटलेला असला, तर टाकी फुटू शकते. माझ्या सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या आहेत, आंघोळीला आतून कडी लावतात. अर्थिंग, व्हॉल्व्ह आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच यांत घासाघीस नको. गॅस गीझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेरच हवा, बंद जागेत त्याच्या वायूनं माणूस जातं.

काही जणी म्हणतात, चौक्याला पाणी लागतं म्हणून मोठा घेते. पण गीझरच्या टाकीत न गाळलेलं पाणी साठून तापतं, ते प्रासुक कसं होईल? आधी गाळायचं, मग तापवायचं, हा आपला क्रम. महाराजांच्या आहाराचं पाणी पातेल्यातच तापणार. मग दोन माणसांच्या घराला 15 लिटर पुष्कळ होतात.

आणि नवा घेतलाच, तर जुना माळ्यावर टाकू नका. परिग्रहाचं परिमाण आपण सोन्या-साड्यांचं मोजतो, माळ्यावरच्या मोडक्या मिक्सर-गीझरांचं कोण मोजतं? नवा बसेल त्याच दिवशी भंगारवाल्याला बोलवा, तांब्याची कॉइल वेगळी काढून वजनाला घाला. तिचा भाव लोखंडाच्या कितीतरी वर असतो, आणि भंगारवाला ते आपणहून सांगत नाही.