मुहमालैचं दंताळं
शेजारपाजार : साप्ताहिक सदर

बॉम्ब निकामी करणाऱ्या माणसाची सिनेमाने आपल्या डोक्यात एक मूर्ती बसवून ठेवली आहे. कपाळावर घाम, हातात पक्कड, समोर लाल आणि निळी अशा दोन वायरी. ही मूर्ती घेऊन कुणी श्रीलंकेच्या उत्तरेला मुहमालैला गेला, तर त्याची निराशाच होईल. तिथे त्याला दिसतील तोंडावर काचेचा मुखवटा आणि अंगात जाड चिलखती जाकीट घातलेल्या, शेतमजूर वाटाव्यात अशा बायका. हातात दंताळं. भर उन्हात, एकमेकींपासून ठरावीक अंतर राखून, प्रत्येक जण आपापल्या अरुंद पट्ट्यात माती ओढत असते. तासन् तास काहीच घडत नाही. काही घडू नये यासाठीच तर ही सगळी व्यवस्था आहे.

मुहमालै हे जाफना द्वीपकल्पाच्या तोंडावरचं गाव. श्रीलंकेचं लष्कर आणि तमीळ वाघ इथे वर्षानुवर्षं समोरासमोर मोर्चे बांधून बसले होते. आघाडी मागेपुढे सरकली की दोन्ही बाजू नवे सुरुंग पेरत आणि जुने तिथेच राहत. लष्कराकडे पाकिस्तानी बनावटीचे पी-4 होते : लहान, प्लास्टिकचे, धातू नावापुरता. वाघांनी त्याचीच नक्कल करून रंगन-99 बनवला. लाकडी पेटीतले जॉनी सुरुंग होते ते वेगळेच. त्यामुळे एकाच मातीत मूळ माल आणि त्याची नक्कल शेजारी शेजारी सापडते. मे 2009 मध्ये युद्ध संपलं. लष्कराच्या सुरुंगांच्या नोंदी बऱ्याच अंशी उपलब्ध होत्या, वाघांच्या मात्र फारशा हाती लागल्या नाहीत. माणसं परत येऊ लागली तेव्हा त्यांच्या घरांवर आणि ताडाच्या बनांवर कवटीची पाटी लागलेली होती.

अशा जमिनीवर मेटल डिटेक्टर चालवायचा कसा, हा पहिला प्रश्न. एका बाजूला सुरुंगात धातू जवळजवळ नाही. दुसऱ्या बाजूला तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी आणि काडतुसांच्या पुंगळ्यांनी माती इतकी भरलेली की यंत्र दर हातभर अंतरावर किंचाळतं. म्हणून दंताळं आलं. रान छाटायचं, माती कडक असेल तर भिजवायची, जड दंताळ्याने मोकळी करायची आणि हलक्याने आपल्याकडे ओढायची. समोर मातीची उभी कड तयार होते आणि पट्टा त्या कडेने पुढे सरकत जातो. यातली हुशारी लक्षात घेण्यासारखी आहे. पायाखालचा सुरुंग वरून दाब पडला की उडतो. दंताळं त्याला बाजूने उघडं पाडतं. आणि तरीही तो उडालाच, तर लांब दांड्यामुळे हात आणि चेहरा दूर राहतो. ही पद्धत जाफन्याच्या वाळूमिश्रित जमिनीत रुजली. खडकाळ डोंगरात ती चालली नसती.

सुरुंग दिसला की बाई हात लावत नाही. ती खूण करते, मागे सरते, मुकादमाला बोलावते. तो निकामी करणं किंवा जागच्या जागी उडवून देणं हे त्याचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचं काम. या प्रशिक्षणालाही आंतरराष्ट्रीय मानकांनी पायऱ्या घालून दिल्या आहेत. पहिल्या पायरीवरच्याने सापडलेली एकेक वस्तू न हलवता जागेवरच नष्ट करायची. वरच्या पायरीवरच्याला ती हलवायची, अनेक एकदम उडवायची परवानगी मिळते. उखळी तोफेचे गोळे, रॉकेट, विमानातून टाकलेले बॉम्ब अशा नाना प्रकारांसाठी आणखी वरचा माणूस लागतो. शेतकऱ्याच्या नांगराला काहीतरी लोखंडी लागलं म्हणून निरोप आला की गाडी घेऊन निघतो तो हा. कुठल्या वस्तूला हात लावायचा अधिकार आपल्याला नाही, हे त्याला प्रथम शिकवतात. रुग्णवाहिका आणि वैद्यकीय मदतनीस जागेवर नसेल तर त्या दिवशी काम सुरूच होत नाही.

आता आपल्याकडे वळतो, कारण या गोष्टीत पुणे येतं. 1941 च्या सुरुवातीला सुदान-अबिसीनियाच्या सीमेवर सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत या तरुण अधिकाऱ्याने चार दिवसांत 55 मैलांचा रस्ता आणि 15 सुरुंगक्षेत्रं मोकळी केली. दोनदा त्यांची गाडी खालून उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी ते थांबले नाहीत. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते पुण्याजवळच्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाबरोबर होते, आणि खडकीला या नावाचा अभिमान आहे तो योग्यच आहे.

पण भगतांचं काम आणि मुहमालैच्या बाईचं काम यांची जात वेगळी. लष्कराला पलीकडे जायचं असतं. एक वाट मोकळी झाली, सैन्य पुढे गेलं, की दोन्ही बाजूंचे सुरुंग तसेच राहिले तरी चालतात. वेळ वाचवण्यासाठी धोका पत्करणं हे तिथे कर्तव्य ठरतं. मानवतावादी संस्थेचं गणित बरोबर उलटं. पलीकडे जाण्याची घाई कुणालाच नाही, कारण या जमिनीवर उद्या मुलं खेळणार आहेत. वाट मोकळी करून भागत नाही. आखलेल्या हद्दीतली इंचन् इंच माती ठरलेल्या खोलीपर्यंत तपासावी लागते. कानाचा पडदा फाटूनही जो काम चालू ठेवील त्याला इथे पदक मिळणार नाही, त्याला घरी पाठवतील आणि चौकशी बसेल.

म्हणून या कामाला 'शौर्य' म्हणून गौरवणारे लेख वाचले की मला अस्वस्थ व्हायला होतं. धैर्य लागतं, नाही कसं! पण गौरव केला की पगाराचं बोलणं राहून जातं. या बायकांपैकी कित्येकींनी युद्धात नवरा गमावला आहे, घर एकटीने चालवायचं आहे, आणि उत्तरेतल्या वन्नीसारख्या भागात महिन्याच्या महिन्याला पगार देणारं दुसरं काम सहज मिळत नाही. हेलो ट्रस्ट आणि मॅग या ब्रिटिश संस्था, तसंच डॅश आणि शार्प या श्रीलंकन संस्था, यांच्याकडे ही नोकरी आहे. नोकरीच आहे ती. तिला रजा हवी, विमा हवा, आणि पुढच्या वर्षीही ती असेल याची खात्री हवी.

ती खात्री नसते. सुरुंग बनवायला काही डॉलर लागतात आणि काढायला शेकडो, हे ठरलेलं वाक्य देणगीदारांपुढे हमखास ऐकवलं जातं. ते फसवं आहे, कारण त्यात हिशेब सुरुंगाचा होतो आणि खर्च होतो तो जमिनीवर. जगात साफ केलेल्या जमिनीच्या बहुतेक भागात काहीच सापडत नाही. तिथे काही नाही, हे खात्रीने सांगता यावं यासाठीच पैसे मोजलेले असतात. पण रिकाम्या जमिनीचा फोटो निघत नाही, आणि देणगीदाराला अहवालात आकडा हवा असतो. जाणकार संस्था म्हणूनच आधी गावकऱ्यांना विचारत फिरतात, जुन्या नोंदी बघतात, संशयाचं क्षेत्र कागदावरच आक्रसतात आणि मग दंताळं उचलतात. युद्धानंतर श्रीलंकेत संशयित मानलेली जमीन तेराशे चौरस किलोमीटरांच्या घरात होती. आता तिचा अगदी थोडा भाग उरला आहे. यातली मोठी घट सर्वेक्षणाने झाली. माती उकरायची वेळ त्यानंतर आली.

जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी गोठवली, तेव्हा जगभरात सुरुंग काढणाऱ्या तुकड्यांना काम थांबवण्याचे निरोप गेले. अर्धवट सोडलेला पट्टा पुन्हा सुरू करताना खुणा तपासाव्या लागतात, माणसांना उजळणी प्रशिक्षण द्यावं लागतं. मधल्या काळात चांगला माणूस दुसरीकडे निघून जातो. रस्त्याचं डांबरीकरण थांबलं तर खड्डे दिसतात तरी.

भारताचा इथला हिशेब मजेशीर आहे. 1987 ते 1990 या काळात आपलं सैन्य याच भागात लढलं. हजाराहून जास्त जवान परत आले नाहीत, आणि त्यातले कित्येक पेरलेल्या स्फोटकांनी गेले. पुढे लष्करातल्या निवृत्त सॅपर अधिकाऱ्यांच्या 'सर्वत्र' आणि 'होरायझन' या संस्था सुरुंग काढायला तिथे गेल्या, आणि युद्धानंतर भारत सरकारने सगळा खर्च उचलून सात तुकड्या पाठवल्या. चांगलं काम झालं, त्याचा आपल्याकडे फारसा गाजावाजा झाला नाही.

मात्र माणसांविरुद्धच्या सुरुंगांवर बंदी घालणाऱ्या 1997 च्या ओटावा करारावर आपली सही नाही. पश्चिम सीमा लांब आहे, पहाऱ्याला पर्याय नाही, असं आपलं म्हणणं. ते मी हसण्यावारी नेत नाही. पण नियंत्रण रेषेलगत जवान आणि गावकरी दोघेही आपल्याच सुरुंगांवर पाय ठेवून जखमी होतात, ही बातमीही अधूनमधून आतल्या पानावर येतेच. पावसात आणि बर्फ वितळताना सुरुंग जागा सोडतात, मग नकाशा खोटा पडतो. शत्रूशी पंचवीसहून अधिक वर्षं लढलेला श्रीलंका डिसेंबर 2017 मध्ये या करारात सामील झाला, आणि त्याने आपली जमीन सुरुंगमुक्त करायला 2028 ची मुदत स्वीकारली. उलट एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुआनिया, फिनलंड आणि पोलंड यांनी रशियाच्या भीतीने 2025 मध्ये बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. भीती खरी आहे. जे पेरलं जाईल ते पुढे उकरावं लागेल, हेही तितकंच खरं.

2028 चं लक्ष्य गाठलं गेलं तर मुहमालैच्या बायकांचं काम संपेल. काम चोख केलं म्हणून नोकरी जाणार, अशी ही नोकरी. अनेक तुकड्या आताच लहान होत आहेत. भारताला श्रीलंकेत अजून पैसे घालायचे असतील, आणि घालावेतच, तर आणखी एखाद्या इमारतीच्या कोनशिलेऐवजी या बायकांच्या पुढच्या पगाराकडे बघावं. वाहन चालवणं, प्रथमोपचार, नकाशा वाचणं, नोंदी ठेवणं हे सगळं त्यांना येतं. पूर आणि वादळं दरवर्षी येणाऱ्या त्या किनाऱ्यावर आपत्ती निवारणाची पथकं लागणारच आहेत. ती उभी करताना नवी माणसं शोधत बसायची गरज नाही.

– शेजारी