पाटी सेंद्रिय, भाजी कोठली?

शहरांतील गृहसंकुलांच्या दाराशी आठवड्यातून दोनदा भाजीची गाडी येऊन उभी राहते. गाडीवर हिरव्या अक्षरांत 'सेंद्रिय' असे लिहिलेले असते, काचेआड प्रमाणपत्राची छायाप्रत असते आणि भाव मंडईच्या दीडपट असतो. मुलाबाळांच्या पोटात विष जाऊ नये एवढ्यासाठी गृहिणी तो भाव विनातक्रार मोजते. परंतु काचेआडचा तो कागद नेमके काय सांगतो, हे किती जणांनी वाचले आहे?

राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ पासून अमलात आहे. त्यानुसार प्रमाणपत्र मिळते ते जमिनीला आणि लागवडीच्या पद्धतीला. हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वी दोन वर्षे आणि फळबागांसाठी पहिल्या तोडणीपूर्वी तीन वर्षे रूपांतरणाचा काळ पाळावा लागतो. कोणते शेत, कोणती पिके, कोणत्या तारखेपर्यंत, एवढेच त्या कागदावर असते. आपल्या पिशवीत पडलेला फ्लॉवर त्याच शेतातला आहे की नाही, हे तो कागद सांगत नाही. त्यासाठी व्यवहार प्रमाणपत्र हा वेगळा दस्तऐवज असतो आणि त्यात मालाचे परिमाण नोंदलेले असते. तो मात्र कोणी मागत नाही. दोन एकर पालक-मेथीच्या प्रमाणपत्रावर कोणी बारा महिने ढोबळी मिरची आणि सफरचंदे विकत असेल, तर लबाडी ओळखायला प्रयोगशाळेची गरज नाही. प्राथमिक शाळेतील अंकगणित पुरेसे आहे.

माल शेतापर्यंत शोधून काढणे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या नाशिक-सांगलीच्या द्राक्षांकडे पाहावे. ही द्राक्षे सेंद्रिय नव्हेत, पण त्यांची शिस्त शिकण्याजोगी आहे. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि निर्यातीच्या मुळावर घाव बसण्याची वेळ आली. त्यातून अंशतपासणीची योजना उभी राहिली, २००६ मध्ये 'अपेडा'ने 'ग्रेपनेट' सुरू केले आणि बागांची नोंदणी, नमुन्यांची तपासणी व खोक्यावरून बागेपर्यंत माग घेण्याची व्यवस्था झाली. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश युरोपात आढळले. आपल्याकडील तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हते! माल बंदरांत अडकला आणि फटका बसला तो बागायतदाराला. यादी तयार करणाऱ्यांची चूक त्याने आपल्या कर्जाने फेडली. त्यानंतर ते रसायन यादीत आले. ही सारी दक्षता आपल्याला सुचली ती परका ग्राहक माल परत पाठवू लागला म्हणून. परदेशी मुलाच्या ताटातील द्राक्षाचा माग आपण बागेपर्यंत घेऊ शकतो. मग आपल्या मुलाच्या डब्यातील भेंडीनेच काय पाप केले आहे?

प्रमाणन करणाऱ्यांवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. सेंद्रिय म्हणून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड आढळल्यानंतर २०२१ मध्ये युरोपीय संघाने भारतात काम करणाऱ्या पाच प्रमाणन संस्थांची मान्यता काढून घेतली. देशांतर्गत बाजारासाठीही १ जुलै २०१८ पासून नियम लागू आहेत; सेंद्रिय म्हणून विकायच्या मालाला प्रमाणन आवश्यक आहे आणि 'जैविक भारत' हे चिन्ह त्याचीच खूण आहे. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या आणि थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला सवलत आहे. ती योग्यच आहे. परंतु दहा ठिकाणचा माल गोळा करणाऱ्या व्यापाऱ्याने तिच्याआड दडू नये.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या मंडळींना कदाचित रुचणार नाही. सेंद्रिय म्हणजे आपोआप सुरक्षित नव्हे. २०११ मध्ये जर्मनीत ई-कोलाय जंतूच्या साथीत सुमारे चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. शोध घेता माग एका सेंद्रिय शेतावरील मोडांपर्यंत पोचला आणि संशय स्थिरावला तो मेथीच्या बियाण्यावर. रसायनाचा तेथे संबंधही नव्हता. गोमयाचे महत्त्व आम्ही मानतो. परंतु न कुजलेले शेण कोथिंबिरीच्या वाफ्यात टाकणे आणि ती नाल्याच्या पाण्यात धुणे, याला परंपरा म्हणता येणार नाही. शेणखत पुरते मुरू देणारा आपला जुना शेतकरी अधिक शहाणा होता. पुरवठादाराकडे प्रमाणपत्राबरोबरच धुण्याच्या पाण्याचीही चौकशी केली पाहिजे.

मग प्रामाणिक लहान शेतकऱ्याने काय करावे? त्रयस्थ संस्थेचे शुल्क त्याला झेपत नाही आणि शेजाऱ्याची फवारणी वाऱ्याबरोबर बांध ओलांडते. त्याच्यासाठी 'पीजीएस' ही सहभागाची पद्धत आहे. किमान पाच शेतकऱ्यांचा गट परस्परांची शेते तपासतो आणि एकमेकांची हमी देतो. अशा तपासणीच्या वेळी ग्राहकालाही हजर राहता येते. आपल्या कार्यकर्त्यांच्या गावोगाव ओळखी आहेत. असा एखादा गट शोधून तो शहरातील एका गृहसंकुलाशी जोडणे हे एखाद्या शाखेला सहज जमण्यासारखे काम आहे. महिन्यातील एका रविवारी चार कुटुंबांनी त्या शेतावर जावे, पिकांची यादी ताडून पाहावी, खताचा खड्डा पाहावा. आणि यादीत नसलेली भाजी गाडीवर दिसली, तर ती का, हे तेथेच विचारावे.