पाच ड्रमांचं घर

गेल्या पावसाळ्यात आमच्या धाकट्याला ताप भरला. तिसऱ्या दिवशी अंगावर पुरळ, डोळ्यांच्या मागे ठणका. रक्ताचा रिपोर्ट हातात पडायच्या आत शेजारपाजारच्यांनी निदान करून टाकलं, ‘पेशी कमी झाल्या.’ आमच्याकडे डेंग्यूला हेच नाव. मग पपईच्या पानांचा रस आला, किवी आली. (वऱ्हाडात किवीची ओळख झाली ती डेंग्यूच्याच कृपेनं, असा माझा दाट संशय आहे.) पोरगा बरा झाला. गल्लीत एक दिवस धुराची गाडीही येऊन गेली. धूर आत नको म्हणून आम्ही सगळ्यांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि डास घरात, खुंटीवरच्या कपड्यांमागे, सुखरूप राहिले.

खरी झडती घेतली ती आशाताईंनी. हातात बॅटरी, खांद्याला पिशवी. नाली, उकिरडा, मोकळा प्लॉट यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. थेट न्हाणीघराशी गेल्या, निळ्या ड्रमचं झाकण उचललं आणि आत उजेड मारला. पाणी नितळ होतं. त्या नितळ पाण्यात बारीक दोऱ्यांसारख्या अळ्या वळवळत होत्या, उजेड पडताच खाली बुडी मारत होत्या. नालीच्या नावानं वर्षभर शंख करणारा मी गप्प उभा राहिलो. डेंग्यूचा डास, ईडिस इजिप्ती, गटारात वाढत नाही. त्याला आपण जिवापाड जपलेलं चांगलं पाणी लागतं. चावतो दिवसा आणि उडून फार लांब जात नाही. म्हणजे माझ्या पोराला चावलेला डास बहुधा माझ्याच घरचा, नाहीतर भिंतीपलीकडचा.

ताई पुढे शेजारच्या आजीकडे गेल्या. “आजी, आठवड्यातून एक दिवस ड्रम रिकामा करा लागते. कोरडा दिवस पाळा.” आजीनं कंबरेवर हात ठेवले. “आन् फेकून देल्यावर प्यावं काय? नळ कवा येईन, कोनाले मालूम?” ताईंकडे याला उत्तर नव्हतं. त्यांनी अळीनाशक टाकलं, भिंतीवर खडूनं तारीख लिहिली आणि पुढचं घर धरलं.

आजीचा सवाल मला अजून सुटलेला नाही. उन्हात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आमच्या गावात नळही कित्येकदा तेवढ्याच दिवसांनी येतो. पाणी साठवायचा काळ आणि डास पोसायचा काळ असे जुळून आल्यावर औषध मारून कितीसं भागणार? आमच्याकडे डेंग्यूचं मूळ नळाच्या वेळापत्रकात आहे, असं माझं मत झालंय.

आजोबांच्या वेळी वाड्यात एक विहीर आणि दोन रांजण होते. आता तिघा भावांच्या तीन चुली झाल्या आणि माझ्या एकट्याच्या घरात पाच ड्रम आहेत. शिवाय गच्चीवर टाकी, खिडकीला कूलर, कुंड्यांखाली बश्या. माणसं वाढली त्याहून चुली जास्त वाढल्या आणि प्रत्येक चुलीमागे साठा आला. गावाबाहेर कालपरवापर्यंत सोयाबीन होतं तिथे आज ले-आऊट पडलेत. प्लॉट विकले गेले, घरं उभी राहिली, पाइपलाइन मात्र ‘येणार आहे’. तिथे टँकर येतो, म्हणजे ड्रम आणखी मोठे.

आमचा वाशिम जिल्हा पाण्याच्या वाटणीवर बसलेला. काटेपूर्णा आमच्या डोंगरातून निघून तापीच्या खोऱ्याकडे जाते, अडाण आणि अरुणावती गोदावरीच्या खोऱ्याकडे. काटेपूर्णेचं पाणी अडतं पलीकडे महानला, आणि पितं अकोला शहर. त्याबद्दल अकोलेकरांशी भांडण नाही, पण माथ्यावरच्या माणसाच्या हाती पाणी ठरत नाही ते असं. खाली काळा पाषाण, त्यात पाणी मुरतं कमी. पाऊस पडतो तो चार दिवस झोडपून आणि मग पंधरा दिवस तोंड दाखवत नाही. त्या पंधरा दिवसांतच ड्रम भरून ठेवावेसे वाटतात.

2001 च्या जनगणनेत जिल्ह्यात 10 लाख 20 हजार माणसं होती, 2011 मध्ये 11 लाख 97 हजार. दहा वर्षांत पावणेदोन लाखांची भर. त्यानंतर कोणी मोजलंच नाही. 2021 ची जनगणना झाली नाही, ती आता 2027 मध्ये व्हायची आहे. हजार लोकांमागे एक आशा, पाच हजारांमागे एक उपकेंद्र, तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा हिशेब आहे. पण हजार कोणते, 2011 चे की आजचे? आमच्या आशाताईंच्या वहीतली घरं दरवर्षी वाढतात, पायांना मात्र तेच दोन तळवे. ऑक्टोबर 2024 मध्ये वाशिमला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. झालं ते चांगलंच झालं. पण ड्रमात बॅटरी मारायला डॉक्टर येणार नाही, तिथे ताईच लागतील.

2006 मध्ये चिकुनगुन्या आला होता तोही याच डासावर बसून. तेव्हा आईचे गुडघे धरले, ते पुढं वर्षभर पावसाळी हवेत दुखत. आम्ही हवेला दोष दिला, ड्रमाला कोणी दिला नाही.

नळ रोज यावा ही मागणी मी सोडणार नाही, तुम्हीही सोडू नका. तोवर एक करा. ड्रम नुसता रिकामा करू नका. अंडी पाण्याच्या रेषेवर, भिंतीला चिकटून असतात आणि कोरडी होऊनही महिनोन्महिने जिवंत राहतात. काथ्यानं आतून घासून काढा, काठाखाली बोट फिरवून बघा. आमच्याकडे परवा नळ येईल म्हणतात. उद्या मी पाचही ड्रम घासायला घेतोय.