त्यांची मातृपदके आणि आपल्या अहिल्यादेवी

राष्ट्र सेविका समितीला गोऱ्या वंशवादी संघटनांमधील स्त्रियांच्या पंक्तीत बसविण्याची हौस विद्यापीठीय विद्वानांना जुनीच आहे. २००२ साली पाओला बॅकेटा व मार्गारेट पॉवर यांनी संपादित केलेल्या, उजव्या चळवळींतील स्त्रियांवरील इंग्रजी ग्रंथात अमेरिकेची कू क्लक्स क्लान आणि आपल्याकडील सेविका एकाच बांधणीत आल्या. यावर नुसते संतापून भागणार नाही. त्या स्त्रियांनी नेमके काय केले, ते आधी पाहू.

अमेरिकेत १९२० साली स्त्रीला मताधिकार मिळाला आणि तीनच वर्षांत अर्कान्सासमधील लिटल रॉक येथे क्लानची स्वतंत्र महिला संघटना उभी राहिली. या चांगल्या घरच्या, चर्चला जाणाऱ्या गृहिणी होत्या. त्यांचे शस्त्र होते कुजबूज! अमका दुकानदार ज्यू, तमका शिक्षक कॅथलिक, एवढे कानोकानी पसरले की त्याचे दुकान बसे, त्याची नोकरी जाई. (आपल्या हळदीकुंकवात अशी कुजबूज शिरली, तर विद्वानांना उत्तर देण्याचा आपला अधिकार त्याच दिवशी संपला.) जर्मनीतील नाझींनी तर १९२१ मध्येच पक्षनेतृत्वाचे दार स्त्रियांना बंद केले आणि डिसेंबर १९३८ मध्ये मातृपदक काढले. चार अपत्यांना कांस्य, सहांना रौप्य, आठांना सुवर्ण; तेही 'शुद्ध' रक्ताच्या मातांनाच. स्त्री म्हणजे वंशाची संख्या वाढविणारे यंत्र, हा त्यामागचा हिशेब होता.

समितीची जडणघडण निराळी आहे. १९३६ च्या विजयादशमीला वर्ध्यात वंदनीय मावशी लक्ष्मीबाई केळकर यांनी ती स्वतंत्र संघटना म्हणून स्थापन केली; प्रमुख संचालिका आरंभापासून स्त्रीच. १९४७ च्या ऑगस्टमध्ये, फाळणीच्या वणव्यात, मावशी सेविकांना धीर देण्यासाठी कराचीस गेल्या, त्या कोणा पुरुषाच्या मागे उभ्या राहण्यासाठी नव्हे.

समितीने आदर्श कोण निवडले? मातृत्वासाठी जिजामाता, कर्तृत्वासाठी अहिल्यादेवी, नेतृत्वासाठी झाशीची राणी. अहिल्यादेवींना अपत्ये दोनच. १७६७ मध्ये पुत्र गेला, आणि त्यानंतर १७९५ पर्यंत त्यांनी राज्य चालविले. आपल्या वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार त्यांचाच. राणी लक्ष्मीबाईंचे बाळ तान्हेपणीच गेले. पाठीशी बांधले ते दत्तक. यांपैकी एकीलाही बर्लिनचे कांस्यपदक मिळाले नसते!

म्हणूनच अलीकडे आपल्याच व्यासपीठांवरून हिंदू घरात मुले किती असावीत याचे आकडे ऐकू येतात, तेव्हा मन अस्वस्थ होते. अहिल्यादेवींची त्रिशताब्दी २०२५ मध्ये साजरी केली, त्याच सभागृहांत हा हिशेब मांडला जावा? सेविकेला शाखा आहे, बौद्धिक आहे. तिच्या संसाराचा निर्णय मात्र इतरांनी घ्यायचा! पुढच्या बैठकीत हा आकडा निघाला, तर तो सांगणाऱ्या बंधूंना एवढेच विचारावे : तो ठरला त्या खोलीत भगिनी किती होत्या, आणि चहाचे कप कोणी विसळले?