न सांगता कळेल कसं?

लक्ष्मीभुवन चौकातल्या कॉफीच्या टेबलांवर एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'एवढं तर त्याला न सांगता कळायला पाहिजे ना बे!' नातं जुनं झालं की आपण सांगणं बंद करतो आणि परीक्षा घ्यायला लागतो. तीही प्रश्नपत्रिका लपवून! मग त्याची नोकरी पुण्यात, तिचा एमपीएससीचा अभ्यास इथे धरमपेठेत आणि रात्रीच्या फोनवरून रोजची कटकट. फोन रोज हवा की दिवसाआड, हे मुळात दोघांनी कधी ठरवलेलंच नसतं.

जुन्या नात्यातही सांगण्यासारखं उरतंच. सुनीताबाई आणि पु. ल. देशपांडे यांचं लग्न १९४६ चं. त्या सहजीवनात काय मिळालं आणि काय खुपलं, हे सुनीताबाईंनी 'आहे मनोहर तरी'मध्ये लिहिलं, ते १९९० मध्ये. महाराष्ट्राचं इतकं लाडकं जोडपं, पण तक्रारी होत्याच. प्रेमही होतं. आम्हाला तर त्या नावातला 'तरी' फार आवडतो.

अर्थात, अपेक्षा बोलून दाखवली म्हणजे ती पुरी होईलच असं नाही. 'रोज नाही जमणार मला' हेही उत्तर येऊ शकतं. ते ऐकायची तयारी असेल, तर आजच्या फोनवर आधी तेवढंच विचारा.